रियुनियनला अडीच हजार निघाले, पोराच्या मेसला का निघेनात?

या वेळचं पत्र जरा लांब होतं, कापून कापून इतकं ठेवलंय:

"नमस्कार ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजची, २००१ ची बी.कॉम. आता ठाण्यात असते, बँकेत आहे. चार वर्षांपूर्वी बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, बघता बघता १४३ मेंबर झाले. पंचवीस वर्षं होत आली म्हणून गेल्या डिसेंबरात गेट-टुगेदर केलं, माणशी अडीच हजार, ६८ जण आले, एकसारखे टीशर्ट, फेटे, डीजे, सगळं झालं. कॉलेज बघायला गेलो तर आमच्या वेळचे शिपाईमामा भेटले, रिटायर झालेत पण चक्कर मारायला येतात, ते म्हणाले पोरं अजून तशीच येतात गं, दुपारी डबा नसतो. ते डोक्यातच बसलं. म्हणून ग्रुपवर टाकलं की गरजू मुलांसाठी स्कॉलरशिप फंड काढूया, सगळ्यांनी पाच पाच हजार द्यावेत. दोन दिवस शुकशुकाट. मग एकजण म्हणाला सरकार देतंच की स्कॉलरशिप. दुसरा म्हणाला कॉलेजने आपल्याला काय दिलं? तिसऱ्याने आयआयटी मुंबईच्या बॅचने कोट्यवधी दिल्याची बातमी टाकली आणि खाली हसणारा इमोजी. एकाने विचारलं कुठल्या समाजाच्या पोरांना देणार ते आधी सांगा. अकरा जण लेफ्ट झाले. प्राचार्यांना फोन केला तर म्हणाले संस्थेच्या खात्यावर टाका, आम्ही बघतो. आता ग्रुपवर एकच जण रोज सकाळी फुलांचं गुड मॉर्निंग टाकतो, बाकी सगळे गप्प. मी चुकले का? सोडून देऊ का? - ॲडमिन, बॅच २००१"

अगं ॲडमिनबाई, चुकलीस. पण थोडीशीच आणि दुरुस्त होण्यासारखी, त्यामुळे सोडून बिडून काही द्यायचं नाही. मी आयुष्याची ३१ वर्षं एका कॉलेजच्या ऑफिसात काढली, त्यातली १४ स्कॉलरशिपच्या टेबलावर, म्हणजे खिडकीच्या आतल्या बाजूला. तुझ्यासारखे माजी विद्यार्थी मी दरवर्षी बघायचे, जानेवारीत गाडी काढून यायचे, डोळ्यात पाणी यायचं, सरांच्या पाया पडायचे, फोटो काढायचे आणि जाताना म्हणायचे "मॅडम, काहीतरी करायचंय कॉलेजसाठी". पुढच्या जानेवारीपर्यंत कोण काही करायचं नाही, कारण ते "काहीतरी" म्हणजे नक्की काय हे त्यांना कुणी सांगायचं नाही आणि मला विचारायचं तर कुणाच्या डोक्यातच यायचं नाही.

तू पण तेच केलंस. अडीच हजार लगेच का निघाले? कारण प्रत्येकाला माहीत होतं त्यात काय मिळणार, फेटा, जेवण, डीजे आणि संज्या आता किती जाड झालाय ते बघायला. आणि पाच हजाराला काय? "स्कॉलरशिप फंड". फंड हा शब्दच असा आहे ना की ऐकल्यावर माणूस खिशावर हात ठेवतो. गणपतीची वर्गणी, नोकरीतला पीएफ, पतसंस्थेत अडकलेली ठेव, सगळं एकदम आठवतं. कुठल्या पोराला, कशासाठी, कोण ठरवणार, हिशोब कोण देणार, यातलं एक अक्षर न सांगता तू आकडा सांगितलास. तू बँकेत आहेस, तूच सांग, असं कोणी कागद न दाखवता पैसे मागायला आलं असतं तर तू दिले असतेस का?

आता एकेकाचं बघू. तो सरकारवाला आहे ना, तो खोटं बोलत नाहीये, त्याच्यावर चिडू नकोस. सरकार खरंच देतं, आणि तुमच्या वेळेपेक्षा बरंच जास्त देतं. महाडीबीटी म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर एससी, एसटी, ओबीसी, भटक्या-विमुक्तांची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे, उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओपनच्या पोरांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून फीची सवलत आहे, आणि २०२४ पासून कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, व्यावसायिक कोर्सला ॲडमिशन घेतलेल्या मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी, उत्पन्नाची तीच ८ लाखांची अट धरून, पूर्ण माफ आहे. हे सगळं चांगलंच आहे. पण हे बहुतेक फीचं झालं गं. पोरगं काही फीवर जगत नाही. त्याला सकाळी एसटी लागते, दुपारी पोटाला लागतं, जर्नल लागतं, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वडिलांचा एक दिवसाचा रोज बुडवून तहसीलला खेटे घालावे लागतात, फळ्यावरचं दिसेना झालं की चष्मा लागतो. मुलींचा एसटीचा मोफत पास बारावीपर्यंतच आहे हे तुझ्या ग्रुपवर किती जणांना माहितीये? बारावीपर्यंत पोरगी रोज वाडीवरनं फुकट येते आणि एफवायला ॲडमिशन घेतली की पाससाठी पैसे मोजायला लागतात, सवलत असते पण दर महिन्याला मोजायलाच लागतात, आणि घरात दोन बहिणी असल्या तर धाकटीचा मोफत पास चालू राहतो आणि थोरली "बाहेरून परीक्षा देते" म्हणून घरी बसते. मी अशा बसलेल्या बघितल्यात. त्यांची नावं ड्रॉपआऊट म्हणून कुठं लागत नाहीत, कारण त्यांनी नाव काढलेलंच नसतं, नुसत्या यायच्या बंद होतात.

आणि दुसरं म्हणजे वेळ. शिष्यवृत्ती मंजूर होणं वेगळं आणि हातात पडणं वेगळं. फॉर्म भरायचा, कॉलेजने पुढे पाठवायचा, वरून त्रुटी निघाली की परत यायचा, आधार खात्याला जोडलेलं नसलं तर पैसे लटकायचे, आणि असं करत करत जुलैच्या खर्चाचे पैसे यायला मार्च उजाडतो, कधी पुढचं वर्ष पण. मेसवाल्या काकूंना मात्र ५ तारखेला पैसे लागतात, त्यांना पोर्टलचं स्टेटस दाखवून भागत नाही.

एक सांगते. परीक्षेच्या फॉर्मचा शेवटचा दिवस, पावणेपाच वाजलेले, रांग संपलेली. एक पोरगी मघापासून खांबाच्या मागे उभी होती, मला खिडकीतून नुसता तिच्या ओढणीचा कोपरा दिसत होता. मी म्हटलं ये गं, काय पाहिजे. फॉर्म नीट भरलेला, फोटो चिकटवलेला, सगळं व्यवस्थित. ७६० रुपये भरायचे होते, तिच्याकडे ५०० ची एक नोट, चार घड्या घातलेली, पार मऊ झालेली. म्हणाली मॅडम, राहिलेले सोमवारी देते, बाबांचा पगार शनिवारी होतो. तिची शिष्यवृत्ती मंजूर होती, माझ्याच टेबलावरून गेलेली, हे पैसे तिला नंतर परत पण मिळणार होते. पण आज भरायचे होते आणि कॉम्प्युटर काही सोमवारपर्यंत थांबत नाही. मी, अकाउंटवाले आणि आमच्याकडचे शिपाईमामा, तिघांनी मिळून २६० काढले. मामांनी ६० दिले, त्यांच्याकडे तेवढेच होते. दिवाळीनंतर ती पैसे आणि कुरडयांची पिशवी घेऊन आली, सुट्टे मोजून देत होती.

२६० रुपयांसाठी कुठल्याच योजनेत फॉर्म नसतो. तुमच्या बॅचची जागा इथं आहे. सरकारशी बरोबरी करायला जाऊ नका, फी भरायला जाऊ नका, सरकारचे पैसे येईपर्यंतची जी फट आहे ती बुजवा. पैसे थोडे लागतात पण वेळेवर लागतात. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं तेव्हाची शिष्यवृत्ती बघ, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. महिन्याला! म्हणजे पोराला आधीच माहीत असतं की पुढच्या महिन्यात किती येणार, मग ते डोकं पुस्तकात घालू शकतं. तुम्ही एकदम गॅदरिंगला पाच हजाराचं पाकीट दिलंत तर ते घरी जातं आणि गावच्या सोसायटीच्या कर्जाच्या हप्त्यात जातं, आणि त्यात आईबापाची पण चूक नाही.

म्हणून पाच हजार एकदम मागू नकोस, महिन्याचे मागायचे. आणि तुमच्या भागात हे काही नवीन नाही. कर्मवीर अण्णांनी रयतच्या बोर्डिंगसाठी मुष्टी फंड काढला होता, बायकांनी दळणाच्या धान्यातली एक मूठ रोज बाजूला काढायची, त्यावर बोर्डिंगची पोरं जेवायची. एका मुठीने कुणाचं घर रिकामं झालं नाही. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून बोर्डिंगातल्या पोरांना जेवायला घातलं ते आपण भाषणात सांगतो, टाळ्या पडतात, पण मंगळसूत्र मोडायला सगळ्यांना सांगता येत नाही, मूठ सगळ्यांना मागता येते. तुझं पाच हजार म्हणजे मंगळसूत्र झालं बघ.

तो समाजवाला. त्याला ग्रुपवर उत्तर देऊ नकोस, ग्रुपवर दिलंस तर अजून तिघं उठतील. फोन कर आणि शांतपणे सांग की हा विषय साताऱ्यात १९२४ लाच संपलाय, अण्णांनी बोर्डिंग काढलं त्यात सगळ्या जातीची पोरं एका पंगतीत जेवायची. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी केली ती त्या वेळेची गरज होती, शिकायला आलेल्या पोराला कोण दारात उभं करायचं नाही. तुमच्यापुढे ती अडचण नाहीये. तुमचा निकष एकच, या महिन्यात कुणाचं अडलंय. त्याला पटलं तर ठीक, नाही पटलं तर राहू दे त्याचे पैसे त्याच्याकडे. इथे मी अजिबात मऊ पडणार नाही आणि तू पण पडू नकोस.

"कॉलेजने काय दिलं" म्हणणारा मात्र वेगळा माणूस आहे. त्याला ऐकून घे. आम्ही ऑफिसवाले सगळे देव नव्हतो गं. कमवा आणि शिकामधली पोरं बागेला पाणी घालायची आणि वर्गातल्या पोरी बघायच्या म्हणून मान खाली घालून घालायची, त्यांच्याशी नीट बोलणारे प्राध्यापक किती होते? फी राहिली म्हणून टीसी अडवलेली, चारचौघांत नाव पुकारलेलं, "बापाला घेऊन ये" म्हटलेलं, हे माणूस पन्नाशीत पण विसरत नाही. मी स्वतः एका पोरावर ओरडलेले, दाखल्यावर शिक्का नव्हता म्हणून, तो नंतर आलाच नाही, दाखला आणायला गेला तो गेलाच. अजून आठवतं. तर त्याला विचार, काय झालं होतं रे? आणि मग गप्प बस, कॉलेजची बाजू घेऊ नकोस. ज्याला कॉलेजात लागलंय ना, त्याला गरजू पोरगं शंभर फुटावरून ओळखू येतं. असा एक माणूस तुझ्याकडे आला तर पाकीटवाल्या दहांपेक्षा भारी.

याच्याच जोडीला एक हिशोब कर. १४३ वजा ६८, म्हणजे ७५ जण गेट-टुगेदरला आले नाहीत. का नाही आले? काहींना सुट्टी नसेल, काही दुबईत असतील. पण काहींकडे अडीच हजार नव्हते. जो टेम्पो चालवतो, ज्याची द्राक्षबाग दोन वर्षं अवकाळीत गेली, जी नवरा गेल्यावर शिवण करते, त्यांनी फोटो लाईक केले असतील आणि फोन बाजूला ठेवला असेल. त्यांच्यापुढे तू लगेच पाच हजार टाकलेस. ते अकरा जण कंजूस म्हणून लेफ्ट झाले असं तुला वाटतंय, मला वाटतं त्यातले निम्मे लाजेने गेले. त्यांना परत आण, पैसे न मागता. वाढदिवसाला फोन कर, बागेचं विचार, ग्रुपवर नोकरीची जाहिरात आली तर वेगळी पाठव. वर्षभर कुणाची खबर घ्यायची नाही आणि पैसे लागले की "मित्रांनो, आपलं नातं" सुरू करायचं, हे लोकांना लगेच कळतं. कॉलेजं तेच करतात. नॅकची, म्हणजे कॉलेजचा दर्जा तपासणारी कमिटी यायची ठरली की आमच्याकडे माजी विद्यार्थी आठवायचे, कारण त्यांच्या फॉर्मात माजी विद्यार्थी संघाचा वेगळा रकाना असतो, मग फोनाफोनी, मेळावा, चहा-खारी, हजेरीच्या सह्या, फोटो. कमिटी गेली की रजिस्टर कपाटात.

आयआयटीची बातमी. ती पण खरी आहे, १९९८ च्या बॅचने २०२३ मध्ये पंचविसाव्या वर्षी ५७ कोटी दिले, त्याच वर्षी नंदन निलेकणींनी एकट्याने ३१५ कोटी दिले. हसणारा इमोजी टाकणाऱ्याला म्हण, आपण ५७ कोटी राहू दे, ५७ ताटं तरी करू. आणि एक गोष्ट त्यांच्याकडून खरंच उचलण्यासारखी आहे, ती म्हणजे पंचविसावं वर्ष. तिथे रौप्यमहोत्सवाला बॅच काहीतरी देते असा पायंडाच पडलाय, त्यामुळे मागणाऱ्याला संकोच नाही आणि देणाऱ्याला आश्चर्य नाही. तुमचं २०२६ आहे. तुम्ही सुरू केलंत तर २००२ च्या बॅचला पुढच्या वर्षी लाज वाटेल, आणि गावाकडे लाजेइतकं जोरदार काही चालत नाही.

आता पैसे ठेवायचे कुठे. प्राचार्य म्हणाले संस्थेच्या खात्यावर टाका, त्यांचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही, पण संस्थेच्या खात्यात गेलेला पैसा म्हणजे समुद्रात टाकलेली बादली, पाणी तिथेच असतं पण आपलं कुठलं ते दाखवता येत नाही. त्यांना लेखी विचार की माजी विद्यार्थी संघ नोंदलेला आहे का, त्याचं वेगळं खातं आहे का, शेवटचं ऑडिट कुठल्या वर्षाचं. नॅकमुळे कागदावर संघ बहुतेक असेलच. जिवंत असला आणि सहीला तुमच्यातला एकजण घेत असले तर तिथेच भरा. नसला तर नवीन संस्था नोंदवायच्या नादाला पहिल्या वर्षी लागू नका. सात माणसं, घटना, धर्मादाय आयुक्तांकडे चकरा, दरवर्षी ऑडिट, यात उत्साह संपतो आणि अध्यक्ष कोण यावरून भांडणं लागतात ती वेगळीच. पहिलं वर्ष सरळ देयकं भरा. मेसवाल्या काकूंना मेसचे, चष्मेवाल्याला चष्म्याचे, फॉर्मचे कॉलेजच्या काउंटरवर, आणि प्रत्येकाची पावती. पैसे गोळा करणारा एक, पावत्या ठेवणारा दुसरा, दोघं वेगळे पाहिजेत. पाहिजे तर दोघांचं जॉइंट खातं काढा. तुझ्या पगाराच्या खात्यात एक रुपया घेऊ नकोस, तू बँकेत आहेस, तुला सांगायला नको.

टॅक्सचं आमिष दाखवू नकोस. ८०जीची सवलत फक्त तो दाखला असलेल्या संस्थेला दिलं तर आणि जुन्या टॅक्स पद्धतीतच मिळते, त्यात पण रोखीने दोन हजारांच्या वर दिलं तर काही नाही, आणि तुझे निम्मे मित्र आता नव्या पद्धतीत असणार. परदेशातल्यांचं जरा जपून. ज्याचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, मग तो न्यू जर्सीत का असेना, त्याने स्वतःच्या कमाईतले बँकेतून पाठवले तर ते परदेशी देणगीत धरत नाहीत. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्डवाला, त्याचे पैसे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी, नसलेल्या संघाच्या खात्यावर अजिबात घ्यायचे नाहीत. तो कितीही म्हणाला मी पक्का मिरजेचा आहे, तरी नाही. त्याला दुसरं काम देता येईल.

काम म्हणजे काय, सांगते. आमच्या पोरांना पैशाइतकीच ओळखीची टंचाई असते. एमपीएससीची, कुठल्यातरी कंपनीची परीक्षा पुण्यात असते, पोरगं रात्रीच्या एसटीने निघतं, पहाटे स्वारगेटला उतरतं, स्टँडवर तोंड धुतं आणि पेपरला बसतं. बॅचचे पुण्यात किती जण आहेत? तीस? प्रत्येकाने वर्षातून एका पोराला एक रात्र झोपायला जागा आणि सकाळी पोहे दिले तर? ठाण्या-मुंबईतल्यांनी तसंच. कुणी एमआयडीसीत असेल त्याने पाच पोरांना एक दिवस शॉपफ्लोर दाखवावा, न्यू जर्सीवाल्याने महिन्यातून एक रविवार व्हिडिओ कॉलवर इंग्लिशमध्ये गप्पा माराव्यात, मुलाखतीची भीती जाते. आणि अशा घरी राहून गेलेलं पोरगं त्या घराला विसरत नाही, बरं का, ते पाच वर्षांनी स्वतःहून विचारतं की आता मी काय देऊ.

पोरं निवडताना टॉपर सोडा. टॉपरला सगळीकडून मिळतं, शाल, श्रीफळ, बँकेचं बक्षीस, पेपरात फोटो. ५८ टक्केवाल्याला कोण विचारत नाही, आणि तो ५८ वर का आहे तर तो पहाटे दूध घालून येतो. कुणाला गरज आहे हे तुम्ही ठाण्यात बसून ठरवू नका आणि नुसतं प्राचार्यांवर पण सोडू नका. ग्रंथपालाला विचार, हॉस्टेलच्या रेक्टरला विचार, मेसवाल्या काकूंना विचार, स्कॉलरशिपच्या टेबलावरच्या बाईला विचार. आम्हाला सगळं माहीत असतं, आम्हाला कोण विचारत नाही. आणि हात जोडून सांगते, थर्माकोलचा मोठा चेक, पोराच्या खांद्यावर हात टाकून फोटो आणि तो ग्रुपवर, हे करू नका. ते पोरगं उद्या त्याच गावात लग्न करणार आहे. ग्रुपवर फक्त "एक मुलगी, एसवाय सायन्स, सहा महिन्यांचा पास" एवढंच.

वस्तू देऊ नका. आमच्याकडे १९९० च्या बॅचने थंड पाण्याचा कूलर दिला होता, वर संगमरवरी पाटी, पाटीवर ३४ नावं. कूलर दोन उन्हाळे चालला. फिल्टर बदलायला कुणाकडे बजेट नव्हतं, पोरं शेजारच्या नळाला पाणी प्यायची आणि पाटीवर बॅग टेकवायची. पाटी अजून आहे. तसंच स्मरणार्थ बक्षिसांचं, कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी हजार रुपये कायम ठेव ठेवलेली, तेव्हा ती मोठी रक्कम होती, आता त्याचं व्याज साठ-सत्तर रुपये येतं आणि आम्ही गॅदरिंगला माईकवरून दात्याचं, त्यांच्या वडिलांचं, गावाचं नाव घेऊन ५१ रुपयांचं पाकीट द्यायचो. पोरगं स्टेजवरून उतरताना पाकीट दाबून बघायचं. कायम ठेव पुढे जरूर करा, ५ लाखांवर ७ टक्क्यांनी ३५ हजार येतात वर्षाला, वाईट नाही, पण ती पाचव्या वर्षी, लोकांचा विश्वास बसल्यावर.

आता ग्रुपवर काय टाकायचं ते मीच लिहून देते, तुझ्या भाषेत बदलून घे:

"मंडळी, मागच्या वेळी मी घाई केली, सॉरी. फंड वगैरे काही काढत नाहीये. कॉलेजच्या मागच्या मेसमध्ये दोन पोरं आहेत, त्यांचं महिन्याचं ५,५०० होतं दोघांचं मिळून. अकरा जणांनी पाचशे पाचशे दिले की झालं. जुलै ते एप्रिल, दहा महिने. मी एक धरा, अजून दहा पाहिजेत. शंभर द्यायचे असतील तर पाच जणांनी मिळून एक जागा घ्या. पावती दर महिन्याच्या १० तारखेला इथे पडेल. ज्यांना जमत नाही त्यांनी नुसतं पुण्यात कोणाकडे एक रात्र पोरगं राहू शकेल का ते मला पर्सनलवर कळवा. कुणाचंही नाव ग्रुपवर येणार नाही, देणाऱ्याचं पण नाही आणि घेणाऱ्याचं पण नाही."

हे टाकायच्या आधी सहा-सात जणांना फोन करून हो म्हणवून घे, म्हणजे मेसेज पडल्या पडल्या खाली "मी आहे", "मी पण" येतं. गप्प ग्रुपमध्ये पहिला हात वर करायला कुणालाच नको असतं. एवढ्या ग्रुपातले पैसे देणारे अकराच पाहिजेत, त्यांच्यासाठी बाकीच्यांना रोज टोचू नकोस. पावती मात्र १० ची १० ला पडली पाहिजे, ११ ला नाही. चार महिने पडत राहिली की बघ काय होतं ते, विचारणारे स्वतः विचारतील. नाहीच विचारलं तरी दोन पोरं जेवतायत, ते काय कमी आहे का.

राहता राहिला तो गुड मॉर्निंगवाला. त्याच्यावर तू पत्रात जरा तिरकं लिहिलंयस, मला आवडलं नाही. अगं अख्खा ग्रुप मेलेला असताना जो माणूस चार वर्षं एक दिवस न चुकता सहा वाजता फुलं टाकतो, त्याच्यापेक्षा नियमित माणूस तुला कुठे मिळणार आहे? पावत्या त्याच्याकडे दे. आजच फोन कर, आणि आधी विचार की बाबा बरा आहेस ना, एकटाच असतोस का.